पाहुण्याची पैसेवारी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या काही वर्षांत, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्र हलते हीच मुळात नवलाची गोष्ट मानली जात होती त्या काळी, एखाद्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहण्याची इच्छा धरून गेलेल्या माणसाला आत शिरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. आणि तो प्रश्न त्याचे नाव, गाव, वय किंवा धंदा यांपैकी कशाविषयीही नसून त्याच्या जोडणीच्या वेगाविषयी असे. 28.8 किलोबिट, 56 किलोबिट आणि त्यापुढे ‘ब्रॉडबँड’, असे दोन-तीन दुवे एका ओळीत मांडून ठेवलेले असत, आणि त्यांतील आपल्या ऐपतीला शोभेल तो दुवा पाहुण्याने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून स्वतःच्या हाताने दाबावा, अशी यजमानांची अपेक्षा असे. पद्धत दिसायला मोठी सभ्य होती. तिच्यात दोष एवढाच होता, की सरकारी अर्जात उत्पन्नाचा आकडा भरताना जो मनुष्य कमालीचा विनम्र असतो, तोच मनुष्य फुकट मिळणाऱ्या वस्तूचा दर्जा निवडताना तितकाच उदार होतो, हा मानवी स्वभावाचा कायदा ती पद्धत घालणाऱ्यांच्या ध्यानी आला नव्हता. 28.8 च्या मोडेमवर बसलेला गृहस्थ निःशंक मनाने ‘ब्रॉडबँड’ दाबी, आणि मग एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत जाण्यास त्या व्हिडिओला जो अवधी लागे, तेवढ्यात तो चहा घेऊन येई.

बरे, जे प्रामाणिक होते त्यांचे प्रामाणिकपणही सर्वस्वी खरे होते असे नाही. मोडेमच्या खोक्यावर 56 किलोबिट हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असला, तरी अमेरिकेत दूरध्वनीच्या तारेवर किती शक्तीचा संदेश सोडावा यावर तेथील नियामकांचे बंधन असल्यामुळे त्या मोडेमचा कमाल वेग 53.3 च्या पुढे जात नसे. म्हणजे 56 चा दुवा दाबणारा सज्जन मनुष्यदेखील नकळत खोटी जबानी देत होता, आणि त्या जबानीचा दाखला खुद्द कारखानदाराने त्याच्या हाती दिलेला होता. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी, स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, विदेश संचार निगमने सामान्य जनांसाठी इंटरनेटचा दरवाजा उघडला. पुढे सरकारने ब्रॉडबँड कशास म्हणावे याचीही व्याख्या केली, ती 2004 सालच्या धोरणात 256 किलोबिट अशी होती, 2013 साली ती 512 झाली आणि 2023 साली 2 मेगाबिटवर गेली. तीनशे किलोबिटांच्या जोडणीवर सुखासमाधानाने नांदणारा एखादा नागरिक 2013 साली एका अधिसूचनेसरशी ब्रॉडबँडधारकांच्या श्रेणीतून खाली उतरला, आणि मौज अशी की त्याच्या घरातील तार तसूभरही हललेली नव्हती. तेव्हा ‘आपला वेग किती?’ हा प्रश्न पाहुण्यास विचारण्यात अर्थ नाही, असे यजमानांना वाटू लागले असल्यास त्यांना दोष देता येत नाही.

त्यांनी ठरवले, की यापुढे पाहुण्यास विचारायचेच नाही. त्याच्या पाठीमागे, त्याला कळू न देता, मोजणी करायची.

ही मोजणी ज्या रीतीने होऊ लागली ती आमच्या महसूल खात्याच्या दफ्तरातून उचलली असावी असा संशय यावा, इतकी ती पैसेवारीशी मिळतीजुळती आहे. गावात पीक किती आले हे ठरवण्यासाठी कोणी सगळे शिवार कापून तोलत नाही. काही निवडक शेतांतून एकेक लहानसा तुकडा आखून घेतात, तेवढेच पीक कापतात, मळतात, वजन करतात, आणि त्यावरून अवघ्या गावाची पैसेवारी मुकर्रर होते. ती पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळी सवलतींचा विचार होतो, वर राहिली तर गावकऱ्यांनी आपले नशीब सुकाळाचे आहे असे मानून घ्यायचे असते. व्हिडिओच्या यजमानांनीही तेच केले. पाहुणा दारात आला, की त्याच्याकडे गुपचूप एक लहानसे चित्र धाडायचे, चित्राचे आकारमान आपल्याला आधीच ठाऊक असते, ते पोहोचायला किती वेळ लागला तेवढा घड्याळात पाहायचा, आकारमानास वेळेने भागायचे, आणि आलेल्या भागाकारावरून पाहुण्याने संपूर्ण तीन तासांचा चित्रपट कोणत्या दर्जाचा पाहावा याचा निकाल द्यायचा. भागाकार हा चौथीच्या वर्गातला. त्यातही बिट आणि बाइट यांच्यात आठपटींचे अंतर असते हे विसरणारे निघालेच, आणि त्यांच्या हातून एखाद्या गरिबाची आठपट भरभराट किंवा एखाद्या धनिकाचे आठपट दिवाळे क्षणार्धात होऊन जाई.

पण खरी गंमत भागाकारात नव्हती, नमुन्याच्या तुकड्यात होती. पाहुणा दुसऱ्यांदा त्याच दारी आला, की ते चित्र त्याच्या ब्राउझरने पहिल्या भेटीतच आपल्या कॅशमध्ये जपून ठेवलेले असे. त्यामुळे ते तारेवरून येतच नसे, जागच्या जागी हजर होई, आणि मोजणीस बसलेल्या कारकुनाला असे दिसे, की या पाहुण्याचा वेग जगातील कोणत्याही विद्यापीठापेक्षा अधिक आहे. मग त्याच्या अंगावर असा काही भव्य व्हिडिओ सोडण्यात येई, की बिचारा गुदमरून जाई. यावर तोड म्हणून दर वेळी चित्राच्या पत्त्याला एक वेगळा आकडा चिकटवण्याची युक्ती निघाली. तेवढ्याने भागले नाही. काही मोडेम वाटेतच मजकुराची घडी घालून तो लहान करीत. नमुना म्हणून पाठवलेल्या फाइलीत एकाच अक्षराची पुनरावृत्ती असली, तर ती मुठीएवढी होऊन झटकन पोहोचे आणि मोजणी पुन्हा खोटी ठरे. तेव्हा नमुन्यात अर्थहीन, यदृच्छेने निवडलेली अक्षरे भरण्याचा शिरस्ता पडला. घडी घालणाऱ्याला ज्यात काहीच सापडू नये, असा निरर्थक मजकूर मुद्दाम तयार करण्याची पाळी येथे सुशिक्षित अभियंत्यांवर आली. आमच्यातील काही वक्ते ते काम विनासायास करू शकले असते.

याहून मोठा घोटाळा मात्र तारेच्या स्वभावात दडलेला होता, आणि त्याची हकीकत सांगण्यासाठी थोडे मागे, 1986 सालच्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियातील बर्कली गावी जावे लागेल. तेथील लॉरेन्स प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर अवघे चारशे यार्डांचे; एकीकडून दुसरीकडे एखादा वयस्क प्राध्यापक रमतगमत गेला तरी पाच-सात मिनिटांत पोहोचावा. या दोन ठिकाणांमधील तारेवर त्या महिन्यात इतकी कोंडी झाली, की 32 हजार बिटांचा वेग घसरून सेकंदाला 40 बिटांवर आला. चाळीस बिट म्हणजे पाच अक्षरे. कोंडीचे कारण असे, की प्रत्येक संगणक आपला मजकूर पोहोचला नाही असे समजून तोच पुन्हा धाडी, त्याने गर्दी आणखी वाढे, मग आणखी मजकूर वाटेत गळे, आणि तो पुन्हा धाडावा लागे. शासकीय पत्रव्यवहाराचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या स्मरणपत्रांच्या रोगाची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स या दोघांनी या रोगावर जो इलाज काढला आणि 1988 साली प्रसिद्ध केला, त्यातील एक कलम असे होते, की कोणत्याही जोडणीने आरंभी अदबीने, अगदी थोडा मजकूर पाठवावा, तो पोहोचल्याची पोच आली की पुढच्या खेपेस दुप्पट पाठवावा, आणि अशा रीतीने तारेचा अंदाज घेत घेत वेग वाढवावा. याला ‘स्लो स्टार्ट’ म्हणतात आणि इंटरनेट आज ज्यामुळे उभे आहे, त्या मोजक्या शहाणपणांत त्याची गणना करावी लागेल.

परंतु या अदबशीरपणाने आमच्या पैसेवारीचा पार बोजवारा उडवला. समजा, पाहुण्याची जोडणी 10 मेगाबिटांची आहे आणि यजमानापर्यंत संदेश जाऊन परत येण्यास एक दशांश सेकंद लागतो. त्याच्याकडे तीस किलोबाइटांचे चित्र धाडले, तर निव्वळ वेगाच्या हिशेबाने ते एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात पोहोचावयास हवे. पण एक फेरी ओळखपाळखीत जाते, दुसऱ्या फेरीत अदबीने अर्धे चित्र येते, तिसऱ्या फेरीत उरलेले. म्हणजे तीन दशांश सेकंद झाले. भागाकार करावा तर उत्तर येते 0.8 मेगाबिट. दहा मेगाबिटांचा धनी एका मेगाबिटाच्याही खाली उतरला, तो केवळ त्याच्या तारेने सभ्यपणे तोंड उघडले म्हणून! चित्र मोठे करावे, तर मोजणीतच इतका वेळ जातो, की पाहुणा कंटाळून निघून जातो. आणि तो जातो हे नुसते अनुमान नव्हे. ॲकमाई या कंपनीच्या नोंदींतील 2 कोटी 30 लक्ष प्रयोगांचा, म्हणजे व्हिडिओ पाहण्याच्या प्रसंगांचा, अभ्यास करून कृष्णन आणि सीतारामन या दोन संशोधकांनी 2012 साली दाखवून दिले, की व्हिडिओ सुरू होण्यास दोन सेकंदांहून अधिक उशीर झाला की प्रेक्षक उठू लागतात, आणि पुढे दर वाढीव सेकंदाला सुमारे 5.8 टक्के अधिक प्रेक्षक पाठ फिरवतात. ज्या समाजात नाटकाची तिसरी घंटा होऊनही पडदा वर जाईपर्यंत मंडळी बटाटेवड्याच्या रांगेत शांतपणे उभी राहत, त्याच समाजाची संतती आज दोन सेकंदांत अस्वस्थ होते, याचे दुःख मानावे की आपल्या काळी दुसरा पर्यायच नव्हता हे मुकाट्याने कबूल करावे, हे मला ठरवता येत नाही.

शिवाय पीक कापून झाल्यावर गारपीट व्हायची ती होतेच. पाहुण्याची मोजणी झाली तेव्हा तो पुण्याच्या फलाटावर होता आणि व्हिडिओ सुरू झाला तेव्हा त्याची गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरली, तर फलाटावरच्या पैसेवारीचा काय उपयोग? महसूल खात्यालाही हा अनुभव आहेच. म्हणून तर तेथे आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, अशी तीन टप्प्यांची तजवीज आहे. व्हिडिओवाल्यांनी ‘अंतिम’ हा टप्पाच काढून टाकला आणि दर काही सेकंदांनी सुधारित पैसेवारी काढण्याचे ठरवले. एका व्हिडिओच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती करून ठेवायच्या, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकडा मागवताना मागचा तुकडा किती वेगाने आला ते पाहून पुढचा कोणत्या प्रतीतला मागवायचा हे ठरवायचे. यामागील कल्पना रिअलनेटवर्क्सने 1998 सालीच एका निराळ्या रूपात आणली होती; ॲपलने 2009 साली आपली तुकड्यांची पद्धत चालू केली, आणि 2012 साली तिच्या धर्तीचे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले. नेटफ्लिक्सची पूर्वीची शिडी 235 किलोबिटांच्या पायरीपासून 5800 पर्यंत दहा पायऱ्यांची होती. 2015 साली त्यांनी जाहीर केले, की सपाट रंगांच्या व्यंगचित्रपटाला जेवढे बिट पुरतात तेवढे धुळीने आणि धावपळीने भरलेल्या मारामारीच्या चित्रपटाला पुरत नाहीत, आणि तेव्हापासून प्रत्येक चित्रपटाची शिडी स्वतंत्र बांधली जाऊ लागली.

मोजणी घडोघडी होऊ लागल्याने ती अचूक झाली असेल, असा आपला समज होणे स्वाभाविक आहे. स्टॅनफर्डच्या काही संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाच्या शीर्षकातच या मोजणीदाराला गोंधळलेला, भित्रा आणि अस्थिर अशी तीन विशेषणे बहाल केली आहेत, आणि विद्वज्जनांच्या निबंधांत इतके सरळ बोललेले मी तरी क्वचितच वाचले आहे. त्यांनी जे पाहिले ते असे. व्हिडिओचा साठा पुरेसा भरला, की मोजणीदार तुकडे मागवताना मध्ये मध्ये थांबतो, कारण घाई करण्याचे प्रयोजन उरलेले नसते. त्याच वेळी घरात दुसरे कोणी एखादी मोठी फाइल उतरवून घेत असले, तर हा थांबला आहे असे पाहून ती फाइल सगळी वाट अडवून बसते. याने पुढचा तुकडा मागवला, की पुन्हा अदबीचा आरंभ आणि समोर दांडगा शेजारी. तुकडा साहजिकच हळू येतो. यावरून मोजणीदाराचा असा ग्रह होतो की आपल्या मालकाची परिस्थिती खालावली, आणि सावधगिरी म्हणून तो खालच्या दर्जाचा, म्हणजे आकाराने लहान तुकडा मागवतो. तुकडा लहान, म्हणून मोजणी आणखी चुकीची. मोजणी चुकीची, म्हणून पुढचा तुकडा आणखी लहान. अशा रीतीने, आपल्या हक्काचा वाटा नुसता मागितला असता तरी ज्याला मिळाला असता, तो केवळ न मागण्याच्या सवयीने पायरी पायरी खाली उतरत तळाशी जाऊन बसतो. हक्काच्या पगारवाढीचा अर्ज खिशात ठेवून निवृत्त झालेले कितीतरी सद्गृहस्थ हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढून गेले.

सरासरीच्या बाबतीतही हा मोजणीदार असाच दबकून वागतो, आणि तेथे मात्र तो शहाणा ठरतो. एक तुकडा 1 मेगाबिटाने आणि दुसरा 9 मेगाबिटांनी आला, तर आपण सरासरी 5 म्हणून मोकळे होऊ. पण अनेक ठिकाणी हार्मोनिक सरासरी वापरतात, तिचे उत्तर येते 1.8. एका दिवसाच्या मुसळधार पावसावर पुढच्या चार महिन्यांची पेरणी करू नये, हे तत्त्व त्या गणिताने आपल्या शेतकऱ्यापासून घेतले असावे.

या साऱ्या खटाटोपावर 2014 साली एक उत्तर आले, आणि ते इतके साधे होते की विद्वानांना ते सुचायला वीस वर्षे लागली यात आश्चर्य नाही. स्टॅनफर्ड आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून लक्षावधी प्रेक्षकांवर असा प्रयोग केला, की व्हिडिओ एकदा सुरळीत चालू झाल्यावर वेग मोजायचाच नाही. फक्त कणगीत डोकावायचे. कणगी, म्हणजे बफर, ज्यात अजून न पाहिलेल्या व्हिडिओचे तुकडे साठवलेले असतात. कणगी भरलेली असली तर उत्तम दर्जाचा तुकडा मागवावा, रिकामी होत चालली तर हात आखडता घ्यावा. आभाळात किती ढग आहेत याचा पंचनामा करण्याची गरज नाही. या पद्धतीने व्हिडिओ मध्येच अडकून चाक फिरत राहण्याचे प्रसंग तोवरच्या पद्धतीपेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी कमी झाले. पुढे स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या एका चमूने खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांना वर्षभर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवून निरनिराळ्या पद्धतींची तुलना केली आणि 2020 साली असे नमूद केले, की कणगीत डोकावणारी ही साधी पद्धत मोठमोठ्या बुद्धिमान म्हणवणाऱ्या पद्धतींपुढेही अनपेक्षितपणे चांगली टिकते. आमच्या आज्ज्यांनी हा प्रबंध न लिहिताच कित्येक संसार केले.

त्याच 2020 सालच्या मार्च महिन्यात महासाथीमुळे सगळे जग घरात बसले, तेव्हा मोजणीचा प्रश्नच काही काळ निकालात निघाला. युरोपात अधिकाऱ्यांनी शब्द टाकताच नेटफ्लिक्सने आपला भार सुमारे चतुर्थांशाने उतरवला, आणि आपल्या देशात व्हिडिओ पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइल जोडण्यांवर 14 एप्रिलपर्यंत 480 रेषांच्या वरचा दर्जा द्यायचा नाही असे ठरवले. सरसकट सर्व गावांची पैसेवारी पन्नासच्या आत! कोणाचीही तक्रार माझ्या कानी आली नाही; आपल्याला जे मिळत नाही ते शेजाऱ्यालाही मिळत नाही, एवढ्या खातरजमेवर माणूस किती समाधानी राहू शकतो याचे त्या तीन आठवड्यांइतके प्रात्यक्षिक दुसरे सापडणार नाही.

आताशा काही ब्राउझर पाहुण्याचा वेग यजमानाला परस्पर सांगून टाकतात. पण तेथेही एक शालीनता आहे: आकडा नेमका सांगत नाहीत, पंचवीस किलोबिटांच्या पटीत सांगतात, आणि क्रोममध्ये 10 मेगाबिटांच्या वर कितीही वेग असला तरी दहाच सांगतात, जेणेकरून नेमक्या वेगावरून माणूस ओळखता येऊ नये. लखपती आणि कोट्यधीश यांना एकाच रांगेत बसवणारा हा सरकारी दाखला मला फार आवडला. सफारीने तर ही माहिती द्यायची मुळीच नाही असा पवित्रा घेतला आहे.

हे सगळे मोजमाप कितीही सुधारले, तरी वेग म्हणजे ऐपत नव्हे ही एक गोष्ट त्यातून सुटून जाते, आणि ती मला सातारा जिल्ह्यातील माझ्या मामांमुळे कळली. त्यांच्या गावी टॉवर अगदी घरामागे आहे, त्यामुळे फोनला वेग उत्तम. यंत्र तो वेग पाहून हरखते आणि मामांना वरच्या पायरीवर नेऊन बसवते. पण मामांना रोजचा डेटा मिळतो दीड जीबी. पाच मेगाबिटांच्या दर्जाने हा डेटा चाळीस मिनिटांत संपतो, म्हणजे कीर्तनाचा पूर्वरंगही पुरता होत नाही. आणि तोच डेटा नेटफ्लिक्सच्या त्या तळच्या 235 किलोबिटांच्या पायरीवर चौदा तास पुरतो. कोणत्याही यंत्राने हा हिशेब मामांना कधी विचारला नाही. म्हणून मामा व्हिडिओ लावला की पहिल्याने दर्जाचे चाक दाबतात, ‘ऑटो’ काढून टाकतात आणि 144 वर बोट ठेवतात. पडद्यावर एक पांढरा ठिपका फेट्याच्या आकाराने हलत असतो, तेच कीर्तनकार. मी एकदा न राहवून म्हणालो, “मामा, तुमच्याकडे एवढा वेग असून तुम्ही असलं धूसर काय बघता? बुवांचा चेहरासुद्धा ओळखू येत नाही.”

“अरे, बुवा काय बोलतात ते स्वच्छ ऐकू येतंय ना?” मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “मी काय त्यांना मुलगी द्यायची म्हणून बघायला बसलोय?”